भिंतीवरचा पडदा

न्यूयॉर्क, पूर्वेकडचा बहात्तरावा रस्ता
ऑक्टोबर १९०३

आदरणीय आनेश्काताई,

धाकट्या बार्बोराचा तुला मनापासून नमस्कार. तिकडे क्लीव्हलँडच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी बिअर सोडल्याचं कळलं. परत धरली असेल तर तेही कळव, म्हणजे मी आमच्या यांना उगाच तुमचं उदाहरण देणार नाही. आम्ही बरे आहोत, फक्त रूझेनाचा खोकला हटत नाही. तिची ती मधली खोली तू पाहिलीच आहेस. चारही बाजूंनी भिंती, भर दुपारी दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. डॉक्टर म्हणाला, औषध पुरे, आता पोरीला हवा द्या. (ती कुठल्या दुकानात मिळते, ते मात्र सांगितलं नाही.) ताई, ती रात्री खोकायला लागली की मी उठून तिच्या उशाशी बसते.

तर कोपऱ्यावरच्या सेवाघरातल्या मिस व्हिटकम एके दिवशी घरी आल्या. आमच्या पोरांना दात घासायला आणि आम्हा बायकांना कोबी पांढऱ्या रश्श्यात बुडवून त्याची चव घालवायला शिकवतात, त्याच या. बाई मनाने सोनं आहेत, फक्त त्यांच्या हातचं खाऊ नये. खोली पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, अशा खोल्यांना खिडक्या पाडायलाच लावायच्या, शहराच्या समितीपुढे फोटो ठेवते, म्हणजे घरमालक डॉरमनची बोलती बंद होईल. हे सगळं मला आमच्या पोटभाडेकरूने, व्होयतेखने, समजावून सांगितलं. (आपल्याला इंग्रजी येतं, असं तो स्वतःच सांगतो.) बाई म्हणाल्या होत्या, ‘खोली आहे तशीच ठेवा.’ व्होयतेखने सांगितलं, ‘खोली नीटनेटकी ठेवा, बाईंचा खास निरोप आहे.’

आता फोटोवाला येणार म्हटल्यावर मी गप्प बसेन का? जमीन घासली, शेजारणीचं घड्याळ मागून आणलं, रूझेनाच्या वेण्यांना रिबिनी बांधल्या. एवढं करूनही समोरची भिंत ओकीबोकी दिसत होती. मग तू माझ्या लग्नात दिलेला लेसचा पडदा काढला आणि दिला भिंतीवर टांगून, खाली जिरेनियमची कुंडी ठेवली. इतकं देखणं दिसलं की मीच दोनदा तो बाजूला सारून बाहेर बघायला गेले. फोटोवाल्याने उजेडाची पूड पेटवली, धडाम झालं आणि धुराला जायला जागाच नसल्यामुळे आम्ही सगळे खोकत स्वयंपाकघरात पळालो. बिचाऱ्याला पडद्यामागे काय आहे ते पाहायला सवडच मिळाली नाही.

समितीपुढे आम्हालाही बोलावलं होतं. तिथे डॉरमनने तोच फोटो उंच धरला. म्हणाला, ‘ही बघा खिडकी! लेसचा पडदासुद्धा आहे! खिडकी नसताना कुणी पडदा लावतं का?’ मिस व्हिटकम पांढऱ्याफटक पडल्या. माझ्या हौसेपायी माझ्याच लेकीची हवा जाते की काय, असं वाटून मी ताडकन उठले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, ‘मी लावते! खिडकी नाही म्हणून माणसाने पडद्याचीही हौस करू नये का? तुम्ही या. तुम्ही उघडा.’

आणि ताई, ते आले की! मी चुलीवर क्नेडलीकचे कणकेचे गोळे उकडत होते, व्होयतेख पाइप ओढत होता, वाफ आणि धूर सगळा त्या खोलीत कोंडलेला. समितीचे अध्यक्ष अंगाने भरलेले. ते घामाघूम झाले, आम्ही कशासाठी बोलावलंय ते विसरले, आणि ‘जरा हवा येऊ द्या’ म्हणत पडद्याकडे असे धावले की कपाळ थेट भिंतीवर! पडदा टर्रकन फाटला. मी त्यांना बसवून टेंगळावर थंड पाण्याची पट्टी ठेवली. टोपी काही त्यांना परत घालता आली नाही. मिस व्हिटकम मला नंतर म्हणाल्या, ‘फोटोपेक्षा हे बरं झालं.’ त्याच आठवड्यात डॉरमनला खिडकी पाडायचा हुकूम निघाला.

तुझी लाडकी,
बार्बोरा

ता. क. खिडकी झाली. मात्र डॉरमनने ती बाहेरच्या नव्हे, मधल्या भिंतीला पाडली आहे, म्हणजे ती आमच्याच स्वयंपाकघरात उघडते. तेव्हा जो फाटला तसाच दुसरा पडदा लवकर पाठव.

ता. क. २. पडदा पाठवू नकोस. काल तिथे चादर टांगली तर रूझेना रडायला लागली. म्हणते, ‘आई, आता कुठे तू दिसायला लागलीस!’ अंथरुणातून ती मला चुलीपाशी बघत असते. पण स्वयंपाकघरात त्या खिडकीखालीच व्होयतेखची खाट आहे, आणि पोरीला मिळते ती हवा सगळी त्याच्या पाइपमधून येते, वर रात्रभर त्याचं घोरणं. तसं हाकलवत नाही, माणूस गुणी आहे. म्हणून, ताई, तुमच्या क्लीव्हलँडमध्ये त्याच्यासाठी एक बायको बघ. हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं. दिसायला कशीही चालेल, पण झोप गाढ हवी आणि घराला खिडकी बाहेरच्या बाजूला हवी.