पहाटतारे, झरोका उघड

सोमकाठचा मठ,
ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तिसरा सोमवार

ती. थेओडाताईस,
सा. न. वि. वि. आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो: टाळूवर भादरलेल्या जागेला थंडी वाजते. टोपी आहे, पण प्रार्थनेत काढावी लागते, आणि इथे तर भिक्षू पाळ्या लावून रात्रंदिवस गातात. हा नियम करणाऱ्याला गाठून दोन शब्द सुनवावेत म्हटलं, तर तो मीच निघालो.

आता खरी बातमी. ईस्टरला महाराज येताहेत, लेकींसह! मनोरा अजून अर्धा आहे, गवंडी माझ्यावर आणि मी गवंड्यांवर ओरडतो आहे. त्यात आमचे गायनप्रमुख फोलबर्ट उड्या मारत आले. बांधकामावर उभा असताना मी जे गुणगुणतो, ते म्हणे त्यांनी चोरून ऐकलं, चाल बसवली आणि स्वर्गराणी मरियेचं नवं स्तोत्र म्हणून सगळ्या मठाला शिकवलं. महाराजांपुढे तेच गाणार.

ताई, ते ‘पहाटतारे, झरोका उघड’ आहे! दरबारात कवी होतो तेव्हा महाराजांच्याच लेकीसाठी, राजकन्या आडलिंडसाठी रचलेलं. तुला आठवेलच, जिन्यावर पहारा तूच देत होतीस. शृंगाराचा श्लोक, आणि मठ भक्तिरसात न्हातोय. महाराजांना उमगलं तर मठ गेला, मनोरा गेला, मीही गेलो. काय करू?

तुझा,
राडविन


मोझेलकाठ, उपवासकाळाचा चौथा आठवडा

चि. राडविनास,
मठाधिपतीला दंडवत घालावा की धाकट्याला आशीर्वाद द्यावा, या पेचात आशीर्वाद सोपा वाटला. पत्र वाचून इतकी हसले की द्राक्षवेली छाटणारे गडी धावत आले.

स्तोत्र बंद करू नकोस, वेड्या. का बंद केलं म्हणून सगळे विचारतील. ‘झरोका’ काढून ‘स्वर्गद्वार’ घाल, झालं. मात्र एक सांग. इतक्या वर्षांनी तू ते गुणगुणत का होतास?

जिन्यावरची पहारेकरीण,
थेओडा


सोमकाठचा मठ,
ईस्टरनंतरचा गुरुवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मठ शाबूत, मी शाबूत! ‘झरोक्या’च्या पाच मात्रा, तुझ्या ‘स्वर्गद्वारा’च्या सात, फोलबर्टांनी नाक मुरडत बसवल्या. आणि ऐन वेळी, महाराजांसमोर, सगळा मठ सवयीने एका सुरात जुनाच ‘झरोका’ गायला! महाराजांचे डोळे भरून आले. आपल्या अंत्यसमयी हेच गावं, अशी त्यांनी आज्ञा केली.

आडलिंडची मान खाली होती, ओठ मात्र एकेक शब्द म्हणत होते. निघताना माझ्या टाळूकडे बघून एवढंच म्हणाली, की इथे थंडी फार दिसते. काल तिच्याकडून लोकरीची टोपी आली.

गाणं चालू असताना मीही रडलो, आणि ते सर्वांनी पाहिलं. तेव्हापासून फोलबर्ट मला संत म्हणत सुटलेत. गावातल्या आजारी बायका माझ्या झग्याला हात लावायला येतात. मी त्यांना हाकलत नाही, हसतही नाही.

तुझ्या प्रश्नाला आठवडाभर टाळलं. गुणगुणत होतो, कारण मला दुसरं काही गुणगुणता येत नाही. इथे आल्यापासून देवासाठी पुष्कळ रचलं, एकही ओळ ओठांवर राहिली नाही. ताई, मी कोणासाठी रडलो ते मला ठाऊक आहे, आणि त्याचीच भीती वाटते.

तुझा लोभ आहेच. या खेपेला तेवढ्याने भागणार नाही, प्रार्थनाही कर.

राडविन