यादीतून वगळलेलं नाव

प्रिय सुधींद्र,

तुमच्या देशात आजवर खासदारच राष्ट्राध्यक्ष निवडायचे आणि या रविवारी पहिल्यांदाच लोक थेट निवडणार, हे तू परवा अप्पांना फोनवर तीनदा सांगितलंस. वर ‘मीही मत देणार’ म्हणालास. शहाण्या, तिथलं नागरिकत्व घेतल्याचं अप्पांना कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं? ज्या माणसानं कलघटगीच्या शाळांतून तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केली, त्याला मत कोण देऊ शकतो हे ठाऊक नसेल? पण फोन ठेवून ते नेहमीसारखे जेवायला बसले. मला वाटलं, सुटलो.

इकडे मतदारयादीची तपासणी चालू आहे. मंगळवारी अंगणवाडीची कविता यादी घेऊन घरी आली. दर खेपेसारखं मी सांगितलं, सुधींद्र कामासाठी परगावी असतो, येईल. बावीस वर्षं हेच सांगतेय. आता तर जीभही अडखळत नाही. आपल्या मळमड्डीच्या यादीत अप्पांच्या खाली तुझं नाव आहे तोवर तू परत येशील, असं मला आपलं वाटायचं. वेडेपणा, दुसरं काय.

तेवढ्यात अप्पा काठी टेकत बाहेर आले आणि त्यांनी तिच्याकडे नाव वगळण्याचा अर्ज मागितला. कविता भली पोर. म्हणाली, “अज्जा, गाव सोडलं एवढंच लिहा की. साकु, पुरे तेवढं.” अप्पांनी ऐकलं नाही. ‘भारताचा नागरिक नाही’ यापुढे खूण केली, सही केली, तारीख घातली. ती गेल्यावर मात्र चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला. मला तुझा राग आला, आणि माझाही.

हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण अप्पांसमोर फोनवर मला बोलवणार नाही. तुला दोष द्यायला लिहीत नाही. आज सकाळी अप्पांनीच मला हाक मारली आणि तुला निरोप द्यायला सांगितलं. त्यांच्याच शब्दांत देते: “पहिलं मत आहे त्याचं तिथलं. रांग लांब असणार, खाऊन जा म्हणावं. आणि कुणाला दिलं ते मला सांगायचं नाही.”

तुझीच,
श्यामलाअक्का