जिजाचे कान मोकळे

३ फेब्रुवारी १९८८, जांभूळ

आले बाई एकदाची सासरी! यांची पाण्याच्या पंपावर नोकरी, म्हणून क्वार्टर पक्की, दोन खोल्या, आणि मोरीत चक्क नळ. नळ सोडला की मला हसूच येतं. पाड्यावर ठमी, जिजा आणि मी हंडे घेऊन ओढ्यावर जायचो. तिघी एकाच पावसाळ्यात जन्मलेल्या. जिजाला अंबरनाथला शिवमंदिरापाशी दिलीय. ठमी अजून पाड्यावरच. होळीला घर बघायला येणार आहे. आधी नळच दाखवीन.

१६ फेब्रुवारी

ठमी गेली. ताप आला नि गेली, माझा भाऊ शिवराम सांगून गेला. मी भाकऱ्या केल्या, धुणं धुतलं. रडू येत नाही. काहीच होत नाही.

सासूबाईंनी तांदळाच्या पिठाचे दोन गोळे मळले, माझ्या कानांवर ठेवून वरून फडकं बांधलं. बरोबरीची गेली की जोडीदारणीला हाक मारते म्हणे. दहावा होईपर्यंत ऐकायचं नाही, आणि ओ तर मुळीच द्यायची नाही.

१९ फेब्रुवारी

सगळं मुकं. हे काही बोलतात, मी मान हलवते.

जिजा आली होती. तिच्या सासरी असलं काही मानत नाहीत, तिचे कान मोकळेच. ती रडत होती, मला नुसतं तोंड हलताना दिसलं. हेवा वाटला तिचा.

२१ फेब्रुवारी

ठमीचा आवाज आठवेना. म्हणून भर दुपारी डावा गोळा काढला. परसातून आलाच, लपंडावात लांबवायची तसा:

"जने, येऊ काऽ?"

राज्य नेहमी तिच्यावरच यायचं. आपण "ये" म्हटलं की ती शोधायला निघायची. जी सापडेल, तिच्यावर पुढचं राज्य.

मी तोंड दाबून धरलं, गोळा परत लावला. मग रडू आलं. फार बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

गोळा असूनही ऐकू येतं. आता परसातून नाही, मोरीतून. सासूबाई तिथेच तांदूळ निवडतायत, त्यांना काही नाही —

२३ फेब्रुवारी

किती वेळ विचारतेय बिचारी. घर बघायचं राहिलं तिचं —

म्हटलं, ये.

२४

सापडले. तिचा हात ओढ्यासारखा गार. मला ताप — हे डॉक्टरला आणायला बदलापूरला —

राज्य माझ्यावर. जिजाला नाही विचारायचं मला. नाहीच. तोंड आपसूक उघडतं —

जिजे, येऊ क