अंजना मैदानात घर सोडून गेली त्याची हकीकत

सांगली,
मे महिन्यातला मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप लालासाहेब दादांच्या पायाशी सांगलीहून नाथाजीचा रामराम पोचावा. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. नक्की ठीक आहोत का, हे पत्र संपेपर्यंत मलाही कळेल असं वाटत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मागं कोयनेला भूकंपाचा धक्का बसल्याचं टीव्हीवर सांगत होते, तेव्हा मांडणीवरची भांडी जाग्यावर राहिली का? (तुमची बहीण अंजना म्हणाली, "दादाच्या घरात भांडी पडली न्हाईत तरच नवल, वैनी मांडणीला लय भांडी लावती." हे वैनींना वाचून दाखवू नये.) फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुमच्याकडं रेंज लागायची म्हणजे धरणाच्या भिंतीवर उभं राहावं लागतं, आणि दुसरं म्हणजे मी फोन लावला की तुमची बहीण शेजारी येऊन बसते. हा मजकूर तिच्या शेजारी बसून बोलण्यासारखा नाही.

तर दादा, आमच्या कॉलनीत यंदा उन्हाळी कला महोत्सव निघाला. दर शनिवारी संध्याकाळी मैदानात सिनेमा, रविवारी नाटक, चित्रं, काय काय. प्रवेश मोफत. आमची सूनबाई दीपमाला त्या कमिटीत आहे. मी तिला विचारलं, "फुकट कशापायी? सिनेमा संपल्यावर काय विकणार हाय का?" तर ती म्हणाली, "मामा, कला ही सगळ्यांची असती." फौजेत असताना आम्हाला फुकट सिनेमा दाखवायचे तेव्हा दुसऱ्या दिवशी हमखास लांब पल्ल्याची परेड असायची, म्हणून मला शंका आली एवढंच.

पहिल्या शनिवारी मी चांगली जागा मिळावी म्हणून लवकर गेलो. पाण्याच्या टाकीजवळ दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला होता. टाकीच्या बाजूला सावली होती, गार वारा होता, आणि एकही माणूस नव्हता. मी खुर्ची टाकली. मला बघून आणखी तीन-चार म्हातारे आले. मी मनात म्हटलं, शहरातल्या लोकांना जागा पारखता येत नाही. सिनेमा परदेशातला होता, खाली मराठी अक्षरं येत होती, पण ती अक्षरं काही केल्या वाचता येईनात. मी चष्मा पुसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा पुसला. मग आम्ही चष्मे बदलून पाहिले. कथा एवढीच समजली की त्या देशात झाडून सगळी माणसं डावखुरी आहेत. डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं लिहितात, आणि त्यातला फौजी अधिकारी डाव्या हातानं सलामी देतो! ते बघून माझं रक्त तापलं. घरी येऊन मी दीपमालाला म्हटलं, असल्या सैन्याचं काय खरं न्हाई. तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मामा, तुमी पडद्याच्या मागं बसला हुता."

बरं, असू दे. दुसऱ्या दिवशी रविवारी ऊन कलताना मैदानातून येत होतो तर वाटेत एक पोरगा उभा. अंगाला चंदेरी रंग, एक हात वर, डोळे थिजलेले. मी हाक मारली, उत्तर नाही. चिमटा काढला, हालचाल नाही. दादा, राजस्थानात पोस्टिंगला असताना उन्हाचा झटका आलेले जवान मी पाहिलेत. मी धावत जाऊन नळावरची बादली आणली आणि त्याच्या डोक्यावर ओतली. रंग सगळा गळाला आणि आतून आमच्या गल्लीतला जयराज निघाला. "काका, जिवंत पुतळा करतोय ओ मी!" असं रडवेल्या आवाजात म्हणाला. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी वाजवल्या ते समजलं नाही, म्हणून मीही वाजवल्या.

त्या दिवशी मी एक नियम करून घेतला. या मैदानात काहीही घडलं तरी ती कला आहे असं समजायचं, जाग्यावरून उठायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायच्या. नियम चांगला होता. पुढचा सगळा घोटाळा या नियमामुळंच झाला.

आता तुमच्या बहिणीकडं येतो. महिनाभर अंजना रोज संध्याकाळी "मैदानात जाऊन येते" म्हणून जायची. मला वाटलं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय तर चालत असेल. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. परवाच्या रविवारी दीपमालानं मला पुढच्या रांगेत, योग्य बाजूला, हाताला धरून बसवलं. शेजारी अजीमभाई होते. त्यांचा मंडप-खुर्च्यांचा धंदा आहे, आणि त्यांची मुलगी नूरीन पुण्याला नाटक शिकून आलीय. नाटक तिनंच बसवलेलं. पडदा नाही, स्टेज नाही. मैदानात एक खाट, एक स्टो, बास.

खाटेवर औषधांच्या दुकानाचे आप्पासो बनियनवर बसून पेपर वाचत होते. टाकीमागून बाई आली, चहा घेऊन. हिरवं लुगडं. मी म्हटलं, लुगडं ओळखीचं दिसतंय. मग म्हटलं, चालही ओळखीची आहे. मग तिनं तोंड वर केलं. दादा, तुमची बहीण! माझ्या तोंडात शेंगदाणा होता तो तसाच गिळला.

तर ही अंजना त्या आप्पासोंना काहीबाही सांगते. आज पाणी आलं नाही, शेजारणीची मुलगी पास झाली, माझ्या पाठीत कळ येते. आणि आप्पासो पेपरातून डोकं न काढता प्रत्येकाला म्हणतात, "हं." बशीत चहा ओततात, फुर्र करतात, आणि "हं." लोक खदाखदा हसत होते. अजीमभाई माझ्याकडं बघून हसत होते. मीही हसलो. असली माणसं असतात खरी, असं मी त्यांना म्हणालोसुद्धा. (ते "हां, असतात" म्हणाले आणि रुमालात तोंड घालून खोकत बसले.) मग आप्पासोंनी पेपरची घडी करून मांडीखाली घातली. दादा, पेपर मांडीखाली घालणारा माणूस सबंध सांगलीत मी एकटा आहे. तेव्हा मला जरा गरम व्हायला लागलं.

तेवढ्यात अंजना टाकीमागं गेली आणि माझी फौजेतली हिरवी किटबॅग घेऊन बाहेर आली. मधोमध उभी राहून म्हणाली, "आता बास झालं. भिंतीशी बोलावं तर ती निदान मधी बोलत न्हाई. मी चालले माज्या भावाकडं." मग टाळ्यांचा कडकडाट. आणि दादा, नियमाप्रमाणं मीही टाळ्या वाजवल्या! दोन-तीन वाजल्या आणि माझ्या डोक्यात आलं की भाऊ म्हणजे तुम्ही, ती बॅग भरलेली दिसतेय, आणि ही बाई खरोखरच निघालीय. मी ताडकन उठलो आणि ओरडलो, "आगं थांब! कोयनेची एसटी कवाच गेली!"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मला दुसरं काही सुचलंच नाही हो. घर सोडून निघालेल्या बाईला एरवी काय म्हणतात तेही मला ठाऊक नाही. आप्पासो खाटेवरून माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच त्यांच्या घरात घुसलोय. अंजना मात्र ढळली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी बसा खाली. माजं अजून संपलं न्हाई." मी बसलो नाही. पुढं जाऊन बॅगेचा बंद धरला. ती ओढते, मी ओढतोय. बॅग जड होती दादा! आत खरोखरचे कपडे होते. ती दातओठ खाऊन हळूच म्हणाली, "सोडा की, लोक बगत्यात." हे वाक्य नाटकातलं होतं की नव्हतं? मी विचार करायला लागलो तोवर बंद सुटला, ती लोकांच्या मधून सरळ चालत मैदान ओलांडून कॉलनीच्या फाटकाबाहेर गेली. टाळ्या, शिट्ट्या. नूरीननं सगळ्यांना ओळीत उभं करून नमस्कार करायला लावला, मलाही हाताला धरून उभं केलं. ओळीत अंजना नव्हती. नूरीन इकडंतिकडं बघत म्हणाली, "काकू परत आल्या नाहीत?" तेव्हा तिचाही चेहरा उतरला, आणि मी चपला तिथंच टाकून फाटकाकडं पळालो.

रस्त्यापलीकडं रसवंती आहे. तिथं बाकड्यावर बॅग पायाशी ठेवून तुमची बहीण उसाचा रस पीत बसली होती. मला बघून सरकली, जागा केली. म्हणाली, "घ्या एक गिलास. आन् अनवाणी कशाला आलाय?" मी बसलो. थोडा दम खाल्ला. मग म्हणालो, "आगं, हे नाटकातलं व्हतं का खरं?" तिनं ग्लास खाली ठेवला, माझ्याकडं नीट वळून बसली आणि सांगायला लागली. आणि नेमकं त्याच क्षणाला त्या रसवाल्यानं नवीन ऊस घातला आणि चरक सुरू केला. दादा, चरकाला घुंगरं बांधलेली. छन् छन् छन् छन्! ती बोलतेय, हात हलवतेय, एकदा डोळे पुसले, एकदा हसली, एकदा माझ्या छातीवर बोट ठेवलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुन्हा सांग म्हणायची माझी छाती होईना, कारण नुकतंच सगळ्या मैदानानं पाहिलं होतं की मी ऐकत नाही. चरक थांबला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग ठरलं न्हवं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हं. ठरलं."

तेव्हापासून अंजना खुशीत आहे. भाजी निवडताना गुणगुणते. किटबॅग खाटेखाली तशीच भरलेली आहे. (नूरीन म्हणाली, रिकामी बॅग उचलली की खोटी दिसते म्हणून काकूंनी खरे कपडे भरले होते. ते पटलं. पण मग आता का काढत नाही?) काल आमचा पोरगा शंभूराज कुपवाडहून कारखान्यातून आला, तर त्याला म्हणाली, "तुज्या बाबांनी हो म्हटलं बरं का." तो माझ्याकडं बघतच राहिला आणि म्हणाला, "बाबा, खरंच?" मी म्हटलं, "मग काय खोटं?" दीपमालानं तर पाया पडून घेतलं. सकाळी अजीमभाई भेटले, खांदा थोपटून म्हणाले, "नाथाजी, जिगर लागते त्याला." कशाला लागते दादा? मी नेमकं काय कबूल केलंय? रस्त्यात लोक मला बघून हात जोडतात. कधी वाटतं, ती कायमची तुमच्याकडं निघालीय आणि मी मोठ्या मनानं परवानगी दिलीय. मी दोन दिवस झाले चहा स्वतः करतोय (पहिला उतू गेला), पेपर खाटेवर ठेवतोय, आणि ती काही बोलली की सगळं वाक्य ऐकून मग उत्तर देतोय. त्यामुळं ती मला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघते. रात्री अंथरुणावर पडलो की तो चरकच कानात वाजतो. तिचं घर सोडून जाणं मी सहन करीन असं मला वाटत नाही, पण हे कुणापुढं कसं बोलायचं ते फौजेत शिकवत नाहीत.

वैनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडेल चोळत जावे. पोराटोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
नाथाजी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. बहीण भावाला सगळं सांगते. तेव्हा ती तुमच्याकडं यायचं म्हणालीय का, म्हणाली असेल तर किती दिवसांसाठी, आणि मी काय ठरवलंय, हे उलट टपाली कळवावं. शक्यतो पाकिटावर माझंच नाव घालावं.

ता. क. दुसरा. पत्ता घालायला पिनकोड आठवेना म्हणून अंजनाला विचारला, तर ती पाकीटच घेऊन बसली आणि आतलं सगळं वाचून काढलं. मग पत्र मांडीवर ठेवून म्हणाली, "दादाला कशाला इचारताय? मला इचारा की." मग विचारलं. पंखासुद्धा बंद करून विचारलं. तर हकीकत अशी: आप्पासो लेकीकडं चाललेत, आणि पुढच्या आठवड्यात हे नाटक तुमच्या कोयनानगरला, शाळेच्या पटांगणात करायचं ठरलंय. बॅग म्हणून तशीच भरलेली ठेवलीय. नवऱ्याचं काम मी करायचं. मी ते कबूल केलंय! मी म्हटलं, दुसरा कोणी बघा की. तर म्हणाली, "परक्या माणसासंगं भांडायला मजा येत न्हाई." मी विचारलं, म्हणजे तू खरंच जाणार नव्हतीस? म्हणाली, "जायाचं असतं तर पेटी-तबला लावून गेले असते व्हय?" मग मी भीतभीत विचारलं की त्या बोलण्यातलं खरं किती? तर म्हणाली, "अर्धं." कुठलं अर्धं, ते सांगायच्या आत दूध उतू गेलं.

ता. क. तिसरा. त्यामुळं वरच्या ता. क. मधल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची गरज नाही. विनंती वेगळीच आहे. तुमच्या गावात, तुमच्या देखत, तुमची एकुलती एक बहीण माझ्यामुळं घर सोडून निघणार आहे, आणि ते बघायला सगळी भावकी जमणार आहे. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा हे नाटक आहे, असं मी आधीच लेखी कळवत आहे. कृपा करून पहिल्या रांगेत बसू नये. बसलातच तर उठू नये. आणि उठायचंच झालं तर पाव्हणं, निदान काठी घरी ठेवून यावं.