खाजणात आलेली दोन सरकारं

प्रिय नाना,

तुमच्याशिवायची ही तिसरी दिवाळी येईल आता. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि सुनेचं रडगाणं तुम्हाला कधीच चाललं नाही. आज मात्र राहवत नाही. आपल्या खाजणातला भात कापून झाला, नाना! भारे खळ्यात येऊन पडलेत. खाडीकाठच्या त्याच जमिनीतला भात, जिच्याकडे बघून लोक म्हणायचे, आता इथं फक्त खेकडे पिकणार!

कोकण रेल्वे सुरू झाली त्या पावसाळ्यात बांध फुटला, आठवतं? सगळं गाव गाडी बघायला स्टेशनात धावत होतं आणि तुम्ही गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे. पूर्वी वर्षातून एखादं उधाण बांधाच्या माथ्याला टेकायचं, आता अमावास्या-पौर्णिमा चुकत नाही, असं तुम्ही सांगायचात आणि ऐकणारे हसायचे. टीव्हीवर हवामानबदल हा शब्द यायला लागला तेव्हा केवढे खूश झालात! "बघ, मला एकट्यालाच वेड लागलेला नाय," म्हणालात.

पण बांध कुणी बांधायचा? रत्नागिरीचे साहेब म्हणायचे, बांध राज्याचा खरा, पण भरतीच्या रेषेजवळच्या बांधकामांचा कायदा दिल्लीचा, तिकडची परवानगी आणा. दिल्लीहून उत्तर यायचं, कायदा आमचा खरा, पण बांध राज्याचा विषय, प्रस्ताव त्यांनी पाठवावा. समुद्र वर येतोय हे दिल्लीवाले परदेशात जाऊन सांगत होते म्हणे! आणि तुम्ही ओटीवर बसून दोघांनाही सारख्याच सुवाच्य अक्षरात अर्ज लिहीत होतात. कुठून आणत होता हो एवढी चिकाटी?

आता थोडं भांडते. रागवू नका.

साहेब पाहणीला येत नव्हते असं नाही. येत होते! पण तुम्ही त्यांना बोलवायचात कधी? अष्टमीला. भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती अर्ध्यावरूनच माघारी जाते आणि खाजण कोरडं ठणठणीत असतं. मी एकदा विचारलं तर माझ्यावरच डोळे वटारलेत. "पाव्हण्याच्या पायाला चिखल लागता नये, सुलभा. घराची काय शोभा राहील?" मग तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं, सोलकढी, वर आग्रह. साहेब तृप्त होऊन जायचे आणि अहवालात लिहायचे, शेतात पाणी आढळले नाही. आढळेल कसं? अहो, डॉक्टरला बोलवायचं आणि तो यायच्या आत ताप उतरवून बसायचं, ही कुठली रीत! एवढा हुशार माणूस, पण पाहुणचारापुढे सगळं विसरलात.

तुम्ही गेलात आणि तेराव्यालाच कोळंबीच्या तळ्यांचा दलाल ओटीवर येऊन बसला. तुमचे चिरंजीव मुंबईहून आलेले, पार खचलेले. "मीठ झालेल्या जमिनीचं करायचं काय?" म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, विका, पण आधी मला एक पौर्णिमा द्या. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दलालाला थांबवलं.

ग्रामपंचायतीत निवडून आल्याचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग केला. नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून रत्नागिरीला फोन लावला: दिल्लीचे साहेब पाहणीला येतायत, म्हणतात राज्यच हलत नाही. मग किनारपाहणीसाठी गोव्यात उतरलेल्या दिल्लीच्या साहेबांना लावला: राज्याचे साहेब येतायत, म्हणतात दिल्लीच अडवते. लोणकढी थाप, दुसरं काय! पण आपल्या पाठीमागे दुसरा काय सांगेल या धास्तीने दोघेही हजर झाले. दिवस मी दिला होता, मार्गशीर्षातली पौर्णिमा. वेळही मीच दिली, भर भरतीची.

दोघे फुटक्या बांधावर उभे राहून एकमेकांना नियम ऐकवत होते. शेजारच्या खाजणाचे युसूफचाचा दाढीतल्या दाढीत हसत होते. आणि मग पाणी आलं, नाना! आधी एक ओघळ, मग धबाबा. साहेबांचे बूट गेले, मोजे गेले, विजारी गुडघ्यापर्यंत भिजल्या. दिल्लीच्या साहेबांनी घाबरून रत्नागिरीच्या साहेबांचा दंडच धरला. युसूफचाचा ओरडले, "आता बोला साहेब, या पान्याला कोनचा सरकार लागतो?" रत्नागिरीच्या साहेबांनी ते हिंदीत सांगितलं, तेव्हा दिल्लीचे साहेब आधी हसले आणि मग गंभीर झाले.

तिथंच, भिजल्या पायांनी ठरलं. जुन्या जागी जुना बांध उभा करणं ही दुरुस्ती, नवं बांधकाम नाही, हे दिल्लीने लिहून द्यायचं. चिरे आणि पैसा राज्याने द्यायचा. बांधाबाहेरच्या तिवरांच्या झाडांना कुणी हात लावायचा नाही. एवढंच! तुम्ही आयुष्य घालवलंत ते एवढ्यासाठी. तुम्ही तिथं असायला हवे होतात.

काम मात्र तुमच्या भांगातच झालं. पाणी उतरलेलं असतं तेव्हाच बांधाला माती लागते. आपली वाडी आणि चाचांचा मोहल्ला, बायकाबाप्ये सगळे चिखलात! पहिला पावसाळा मीठ धुण्यात गेला. यंदा पेरलं, आणि असा भात आला की शेतात शिरलेला माणूस दिसेना.

काल तो दलाल पुन्हा आला होता. तुमचे चिरंजीव कापणीला रजा काढून आलेत. हातात कोयती तशीच धरून त्यांनी सांगितलं, "विकायची नाय." मग शेताच्या कोपऱ्यात जाऊन, पाठ फिरवून, कितीतरी वेळ उभे राहिले. मी जवळ गेले नाही.

नाना, तुम्हाला शब्द देते. माझ्या हयातीत या खाजणातला तुकडाही कुणाच्या घशात जाणार नाही. समुद्र आणखी वर आला तर बांधही आणखी वर नेऊ. खाडीपलीकडच्या गावांचे निरोप आलेत, त्यांच्याही उधाणाला ही दोन सरकारं एका जागी नेऊन उभी करीन.

आता खळ्यातून हाक येतेय. झोडणीला सगळे जमलेत, पण पहिला भारा कुणी उचललेला नाही. तुमचे चिरंजीव म्हणतायत, "सुलभा, ये गो. पयला मान तुझा." जाते मी.

तुमची सून,
सुलभा