आठ जणींना हो, हिराबाईंना नाही

५ सप्टेंबर
मी, यशवंत हरिश्चंद्र म्हात्रे, वय चोपन्न, वाणिज्य पदवीधर, बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात एकवीस वर्षे लेखापाल, राहणार किहीम. आजपासून ही नोंदवही ठेवीत आहे. हेतू एकच: पैशाबाबत मी इतरांना जे सांगेन ते तारखेसह लिहिलेले असावे, म्हणजे पुढे मला ते सोयीस्करपणे बदलून आठवता येणार नाही.

निमित्त: सौ. (सुनंदा) हिच्या भिशीतील, तिच्यासह नऊ जणी. दरमहा प्रत्येकी दोन हजार. जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे अठरा हजार. आजवर या रकमांतून फ्रिज झाला, पैंजण झाले, मंदावहिनींच्या कॉटेजमधला कमोड झाला. आता त्यांना ‘शेअरचं ते स्वस्तातलं काहीतरी’ समजून घ्यायचे आहे. सौ.ने मला न विचारता माझा रविवार देऊन टाकला.

७ सप्टेंबर
ओटीवर नऊ जणी. मी तीन तक्ते केले होते. चाळीस मिनिटे बोललो: निर्देशांक म्हणजे देशातल्या मोठ्या कंपन्यांची यादी, इंडेक्स फंड ती अख्खी यादी तिच्या प्रमाणात विकत घेतो, कोणती कंपनी वर जाईल याचे भाकीत कोणी करत बसत नाही, म्हणून खर्च अल्प, त्यातही थेट योजना घ्यावी, म्हणजे मधल्या माणसाचे कमिशन वाचते.

शेवटच्या तक्त्यावर असताना हिराबाई बोलल्या. (हिराबाई: आमच्या दारावर मासळी विकतात. पहाटे बंदरावर लिलावात घेतात, दहापर्यंत किहीममध्ये.)
“म्हंजे एकाच होडीवर सगला पैसा लावायचा न्हाय. बंदरावरच्या सगल्या होड्यांची थोरी थोरी मासली घ्यायची. कोनाला ना कोनाला तरी गावतंयच.”
सर्व माना डोलल्या. तक्ते गुंडाळले.

मंदावहिनी: “ते कळलं भावजी. पण यात आपला नंबर कधी लागतो?”
नंबर नसतो, असे सांगितले.
“मग गंमत काय?”

१४ सप्टेंबर
नऊ जणींची खाती फोनवर उघडून झाली. अडीच तास. मंदावहिनींनी पॅनवर एक, बँकेत दुसरी आणि आज तिसरीच सही केली. वारस म्हणून यजमानांचे नाव घालण्यास स्पष्ट नकार. “यांना नको. बारावं व्हायच्या आधी बाइक घेतील.” यजमान शेजारीच बसून भजी खात होते.
हिराबाईंनी मुलीचे, प्राचीचे नाव घातले. प्राची यंदा बारावीला आहे.

१ ऑक्टोबर
आज जे समजले ते क्रमाने लिहितो, कारण अजून विश्वास बसत नाही.

या बायका फंडाचीच भिशी चालवणार आहेत! दरमहा चिठ्ठी, जिचे नाव निघेल तिच्या हाती सर्वांचे अठरा हजार, ते तिने आपल्या खात्यातून एकदम फंडात घालायचे. पुढच्या महिन्यात दुसरी. म्हणजे एकीची खरेदी स्वस्तात, एकीची महागात, आणि कोणाचीच दरमहा नाही. दरमहा थोडे थोडे घालण्यातला सारा अर्थच त्यांनी चिठ्ठीवर सोडला. सौ.ला हे ठाऊक होते. म्हणाली, “तुम्ही नंबर नाही म्हणालात, म्हणून आम्ही काढला.”

चिठ्ठी काल निघालीसुद्धा. हिराबाईंची. आज त्या अठरा हजार खात्यात भरून, फोन घेऊन आल्या. “दाबा भावजी बटन.”
मी विचारले, हे पैसे कशासाठी?
“प्राचीच्या नर्शिंगला. जुलैत भरायचेत. तवर वाढतील.”
दहा महिनेही नाहीत. मी नाही म्हणालो. जो पैसा दोन-चार वर्षांत लागणार, तो शेअर बाजारात घालू नये. बँकेत मुदत ठेव करावी. दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा बहुधा आवाज चढला.
“आठ जनींना चांगलं, नि मनाच वाईट?”
टोपली उचलून गेल्या. नऊ जणींत सर्वांत आधी समजले ते त्यांना, आणि नकार मिळाला तोही त्यांनाच.

६ ऑक्टोबर
पाचवा दिवस. हिराबाई आमच्या फाटकावरून हाक न देता पुढे जातात. घरात मासळी नाही. जेवताना सौ.: “आज तुमच्या तत्त्वाचं कालवण केलंय. मीठ बघा.”

७ ऑक्टोबर
सकाळी हिराबाईंनी फाटकाबाहेरून मुदत ठेवीची पावती दाखवली. टोपली उतरवली नाही. पावती मात्र पुरेसा वेळ धरली. मुदत मला तिथून वाचता आली. नऊ महिने. बरोबर आहे.

१२ ऑक्टोबर
ओटीवर पुन्हा बैठक, हिराबाईही आल्या. मी तोडगा मांडला: भिशी एक हजारावर आणावी, उरलेले हजार प्रत्येकीने स्वतःच्या फंडात दरमहा स्वतः घालावेत. सुटसुटीत. सर्वांना पटले.
“थांबा,” हिराबाई म्हणाल्या. “मना अठरा मिलाले. आता हजार हजार झाले का तुमाला नऊच मिलनार. नि मी पन हजारच भरनार? न्हाय. ही फेरी दोनचीच होऊ दे.”
एकवीस वर्षांचा लेखापाल मी. हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सुधारित ठराव: चालू फेरी दोन हजारांचीच. चिठ्ठीचे पैसे जिचे तिने ठरवावे, फ्रिज की पैंजण. फंडासाठी प्रत्येकी वेगळे पाचशे, दर महिन्याच्या पाच तारखेला, निदान दहा वर्षे. आठ जणी. हिराबाईंची जी काही शिल्लक राहील ती प्राचीच्या ठेवीकडे.
जाताना फाटकाशी थांबल्या. “उद्या बोंबील आनू?”
आणा म्हणालो. सौ. आतून म्हणाली, “दोन वाटे!”

१२ नोव्हेंबर
आठही हप्ते वेळेवर गेले. मंदावहिनींनी आठवड्यात चार वेळा फोन करून ‘वाढले का’ विचारले. चौथ्या वेळी दोन रुपये वाढले होते. त्यांनी कॉटेजवरच्या पाहुण्यांना सोलकढी फुकट दिली असे ऐकतो.

१८ जानेवारी
बाजार सध्या वर आहे. मंदावहिनी आमच्याच दारात हिराबाईंना: “हिरे, तेव्हा घातले असतेस तर आज हसली असतीस. पण भावजींनी अडवलं ना!”
हिराबाई माझ्याकडे वळल्या. मी आत जाऊन आकडा काढला. ऑक्टोबरात घातलेल्या अठरा हजारांवर आज चौदाशे बारा रुपये वाढ. ठेवीचे आजवरचे व्याज त्यापुढे किरकोळ. बाहेर येऊन तोच आकडा सांगितला.
“म्हंजे तुमी चुकलात.”
मी म्हणालो, जुलैत बाजार कुठे असेल हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही. म्हणून नको म्हटले. आज विचारलेत तरी नकोच म्हणेन.
हिराबाई टोपलीशी वाकल्या: “आपली चूक आकड्यासकट सांगनारा बाप्या पयल्यांदा बगितला.” वाट्यावर दोन बांगडे जास्त टाकले. पैसे घेतले नाहीत.

टीप: तरीही रात्री झोप नीट लागली नाही. चौदाशे रुपयांत गणवेश येतो.

९ मार्च
बाजार आठवडाभर खाली. सकाळपासून सहा फोन. मंदावहिनी स्वतः आल्या, काढून टाका म्हणाल्या. मी ऑक्टोबरातला ठराव दाखवला: ‘निदान दहा वर्षे’, खाली त्यांचीच सही. (चौथी.)
हिराबाई उंबऱ्यावर कोलंबी सोलत होत्या. “मंदे, लिलावात भाव परला का आपन टोपली टाकून पलतो? त्या दिवशी चार किलो जास्त उचलतो.”
“तुझे नाहीत ना त्यात, म्हणून बोलतेस!”
“न्हायत, म्हनून तर डोकं थंड हाय.”
मंदावहिनी इतक्या हसल्या की फोन कोलंबीत पडला. पैसे काढायचे राहिले.

१० जुलै
प्राचीचा नर्सिंगला प्रवेश झाला. ठेव पूर्ण झाली. पैसे परवा खात्यात, काल कॉलेजात. हिराबाई आणि प्राची पेढे घेऊन आल्या. मासेमारी बंदीचे दिवस, त्यामुळे टोपलीत सुकट आणि वर पेढ्यांचा पुडा. पेढ्याला किंचित वास होता. मी तीन खाल्ले.

नोंद करणे भाग आहे: आज सकाळी मी आकडा पुन्हा काढला. फंडात असते तर ठेवीपेक्षा सहाशे चाळीस रुपये जास्त आले असते. मी तो सांगण्यापूर्वीच प्राची म्हणाली, “काका, मी मोबाइलवर बघितलं. आईला सांगितलंय.”
“सांगितला तिनं,” हिराबाई म्हणाल्या. “पन नऊ महिने मी रोज झोपले. त्याचे किती धरता?”
वाक्य जसेच्या तसे इथे उतरवले आहे. प्राचीने वाकून नमस्कार केला तेव्हा चष्मा पुसावा लागला. सौ.ने पाहिले, संध्याकाळपर्यंत बाकीच्या सातही जणींना समजले.

५ ऑगस्ट
होड्या पुन्हा समुद्रात आहेत. हिराबाई आज दहाऐवजी आठलाच आल्या. टोपली खाली ठेवून फोन पुढे केला.
“आता माझे. पाचशे.”
मी ठरलेला प्रश्न विचारला: कशासाठी आणि कधी लागणार?
“पंधरा वर्सांनी. तवा मी साठीची व्हईन. साठीनंतर ही डोक्यावर घ्यायची न्हाय, येवढंच.” पायाने टोपलीला हलकेच ढकलले.
पंधरा वर्षे. आता मला नाही म्हणता येत नव्हते, आणि म्हणायचेही नव्हते. सप्टेंबरात उघडलेले खाते तसेच होते, वारस प्राची. रक्कम घातली. तारीख: दरमहा पाच. बटणापाशी आल्यावर त्या थांबल्या.
“भावजी, तवा टोपली उतरल ना?”
सांगितले: मधे काही वर्षे रक्कम कमी झालेलीही दिसेल, तेव्हा हात लावायचा नाही. पाचशेवर टोपली उतरणार नाही, जमेल तसे वाढवावे लागेल. पंधरा वर्षांनी नेमके किती, हे मला माहीत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा.
“ठेवनार न्हाय,” त्या म्हणाल्या, आणि बोट पदराला पुसून स्वतःच बटण दाबले. हप्ता गेल्याचा संदेश आला. तो त्यांनी दोनदा वाचून घेतला.

सौ.ने चहा आणला. उठताना हिराबाईंनी मला बजावले, “पंधरा वर्सांनी हितंच बसलेले दिसा मना. हिशेब मागीन.”
मी तेव्हा सत्तरीला आलेला असेन. हजर राहण्याचे मान्य केले.

य. ह. म्हात्रे
किहीम, ५ ऑगस्ट