डब्यावरचा डावा हात

१ फेब्रु. १९९४, मंगळवार
एमआयडीसीतल्या रंगकारखान्यातून ह्यांचे सगळे डबे परत आले. भट्टीचं तापमान दाखवणारे. हे गेले त्याच्या आधल्याच आठवड्यात तपासून, पुसून दिलेले. शेवटची खेप.
कारखान्याच्या देसाईंचा फोन. "वहिनी, भट्टी तीच, आणि आकडा आपला वर-खाली. आजारपणात व्हायचंच असं."
काय व्हायचंच? एकेक डबा समोर घेऊन हे तासन्‌तास बसत. फोन ठेवल्यावर सुचलं हे.

४ फेब्रु., शुक्रवार
पुतणी वृंदा ठाण्याहून आली. तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला ह्यांनीच घातलं. आता वागळे इस्टेटीत बोर्ड तपासते. ह्यांच्या टेबलाशी बसली. इतके दिवस मी ते नुसतं झाडत होते.
भट्टीऐवजी ह्यांची तपासणीची पेटी जोडली, कायम एकसारखी वीज सोडणारी. २०९ यायला हवं. २०८, २१५, २०३... तिने एडीसी बदलली, भट्टीकडून आलेल्या विजेचा आकडा करणारी चिप. तरी तेच.
"काकू, काकांनी हे पास कसं केलं?"
हळू विचारलं, तरी लागलं. जेवायला थांबली नाही. भरीत तसंच उरलं.

६ फेब्रु., रविवार
वृं. परत. सकाळपासून वायरी, पॉवर सप्लाय, सगळं उलगडून झालं. मी म्हटलं, काका असे बसायचे नाहीत गं. उजव्या हातात पेन, डावा कायम डब्यावर. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.
हसली. ठेवला हात. आकडा पळतच होता.
मग मी ठेवला.
२०९. २०९. २०९.
"काय केलंत काकू?"
"काही नाही गं."
तिने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. तिची टाच दुखते म्हणून घरातही रबरी सपाता. काढल्या, लादीवर उभी राहून हात ठेवला. थांबला आकडा.
"डब्याला अर्थिंगची वायरच नाही. ते काम तुमचं अंग करतंय. कारखान्यात कोण हात ठेवणार? आणि ठेवला तरी पायात बूट."
हे घरात कायम अनवाणी.

९ फेब्रु., बुधवार
माळ्यावरचे त्यांचे जुने डबे उघडले. प्रत्येकात हिरवी वायर, स्क्रूने घट्ट आवळलेली. म्हणजे ठाऊक होतं. या खेपेला विसरले, एकाही डब्यात नाही. आणि त्यांच्याच हाताने ते त्यांना कळू दिलं नाही.
चूक चिपची निघावी असं फार वाटत होतं.
आमच्या कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या सिस्टर चुकलेला टाका उसवायला लावत. रडू आलं तर म्हणत, रड, पण सुई खाली ठेवू नकोस.

१२ फेब्रु., शनिवार
वृं.ने वायरी घातल्या. "देसाईंना चिप खराब होती म्हणून सांगू?"
नको म्हटलं. फोन मीच केला. "अर्थिंगची वायर राहिली होती. ह्यांच्याकडून."
ते म्हणाले, "पाठवा वहिनी. लावून घेतो."

१३ फेब्रु., रविवार
डबे गेले. एक टेबलावर आहे, ह्यांनी दिला तसाच, वायरीशिवाय.
"हा राहिला की काकू. द्या, घालते वायर."
"पुढच्या रविवारी."
"देसाईंना कमी पडेल."
"पडू दे गं थोडे दिवस."
तिने सपाता पिशवीत भरल्या, गेली.
मग पेटी जोडून डबा चालू केला. आकडा पळू लागला. २११, २०४... बघत बसले. हात मांडीवरच ठेवला.